कर्जत मागे गेलं

मंगळवार, रात्री

झोप लागेना म्हणून वही काढली. कारण कुणाला सांगायला गेले तर म्हणतील, ह्यात काय एवढं? गाडी कर्जतला थांबली नाही. एवढंच झालंय.

साखरपुड्यासाठी सोलापूरला निघालो होतो. धाकटीने ठाण्याहून वंदे भारतची तिकिटं काढली होती, आईला जरा सुखाने नेऊ म्हणून. गाडी छानच आहे, नावं ठेवायला जागा नाही. छोटू खिडकीशी, मी त्याच्या शेजारी. बदलापूर गेलं, नेरळ गेलं, भिवपुरी गेलं. मी सवयीने पदर सारखा केला, पायाशी ठेवलेली पिशवी मांडीवर घेतली. कर्जत आलं की गाडी थांबणार, वड्यासाठी लोक खाली उतरणार, घाट चढायला मागून ढकलणारं इंजिन, म्हणजे बँकर, लागणार. आणि कर्जत आलं नि गेलं. फलाट, पूल, आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेली पाण्याची टाकी, सगळं सर्रकन मागे. छोटूला घर दाखवायला बोट उचललं तोवर पळसदरी आली.

"आजी, हिला बँकर लागत नाही," तो म्हणाला. "हिच्या डब्यांखालीच मोटारी असतात."

मी हो म्हटलं आणि उगाच पिशवीत चष्मा शोधत राहिले. तेव्हापासून हे मनातून जात नाहीये. साखरपुड्यात सगळ्यांशी हसून बोलले, जेवले, आहेर केले. पण आत कुठेतरी कुणीतरी अपमान केल्यासारखं बसलंय. गाडी थांबली नाही तर मला का लागावं? ती काय माझ्यासाठी थांबत होती थोडीच?

होती, असं वाटतंय. तेच लिहून बघते.

माझं माहेर सोलापूरकडचं. पोरांना घेऊन जायचे तेव्हा कितीदा तरी ह्यांची ड्यूटी त्याच वेळी बँकरवर असायची. मी पुढच्या कुठल्यातरी डब्यात, एक पोर मांडीवर, एक खांद्यावर पेंगलेलं. गाडी कर्जतला उभी राहायची. वडे, चहा, पाण्याच्या बाटल्या, नुसता गलका. आणि मग मागून तो धक्का यायचा. फार मोठा नाही. बाकावर ठेवलेल्या तांब्यातलं पाणी हललंसं व्हायचं, वरच्या साखळ्या किणकिणायच्या, बस्स. कुणाच्या लक्षातही यायचं नाही. वडा खाणारा वडा खात राहायचा. मला मात्र कळायचं. लागले हे.

मग पुढून शिट्टी, मागून तिला उत्तर, आणि गाडी हळूहळू उचलायची. कर्जत ते लोणावळा अठ्ठावीस किलोमीटर, आणि चढ सदतिसास एक. म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. ऐकायला काहीच वाटत नाही, पण रेल्वेच्या रुळाला तो फार होतो, एकटं पुढचं इंजिन ओढू शकत नाही. हे सगळं मला लग्नानंतर पाठ झालं, जसं दुसऱ्या घरात सासूच्या पथ्याचं पाठ होतं. ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल. पावसाळ्यात रूळ ओले असले की चाकं जागच्या जागी फिरतात, मग वाळू सोडायची. तीन तीन इंजिनं मागे लागायची तेव्हा, ती जुनी, डीसी विजेवर चालणारी. एका गाडीमागे तीन, आणि त्यातल्या एकात माझा नवरा. ह्या गाडीतल्या हजार माणसांत हे मला एकटीला माहीत, असं मनात म्हणत मी बोगदे मोजायचे. लोणावळ्याला बँकर सुटायचे. हे तिथूनच परत खाली, मी पुढे माहेरी. भेट नाही, बोलणं नाही. पण तेवढा एक धक्का मला पुरायचा.

तो ह्या गाडीला नाही. मला वाटतं माझं दुःख एवढंच आहे.

नाही, एवढंच नाही.

थोरला वर्षश्राद्धाची पेपरातली जाहिरात ठरवतोय. मला व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवलाय, "आई बघून घे." प्रथम पुण्यस्मरण. प्रेमळ पती, आदर्श पिता, लाडके आजोबा. खाली चार ओळी, आपल्या मायेची सावली वगैरे. फोटो निवृत्तीच्या वेळचा, हार घातलेला. मी वाचलं आणि फोन उपडा ठेवला. चूक काहीच नाही त्यात. पण सावली कसली? सावली धरायला माणूस दुपारी घरात जागा असावा लागतो. हे दुपारी झोपलेले असायचे. खिडकीला काळा कपडा लावलेला, कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून मी वरण उघड्या पातेल्यात शिजवायचे, पोरं कुजबुजत कॅरम खेळायची. थोरल्याला शाळेत निबंध होता माझे बाबा, तर त्याने पहिलं वाक्य लिहिलं होतं, माझे बाबा झोपतात.

आणि दहाव्याला भाऊजी म्हणाले, ते ह्या घराचे बँकर होते, मागे राहून सगळ्यांना वर चढवलं. सगळ्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, पण मला आत राग आला होता. तेव्हा बोलले नाही, आज लिहिते. मग पुढचं इंजिन कोण होतं? रात्री एकला कॉलबॉय दार वाजवायचा, वहीवर सही घेऊन जायचा, आणि हे तोंड धुऊन येईपर्यंत पिठलं-भाकरी डब्यात भरणारी कोण होती? धाकटीचा जन्म झाला तेव्हा हे घाटात. सासूबाई गेल्या तेव्हा हे घाटात. ७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला, तेव्हा आम्ही दौंडला क्वार्टरमध्ये, हे वाफेच्या इंजिनावर फायरमन. ८ मेला संप सुरू झाला, २७ ला मागे घेतला. ते सगळे दिवस हे घरी नाहीत, पोलीस दारात येऊन विचारून जायचे, थोरला अंगावर पीत होता. वर नोकरीत खंड धरला तो वेगळाच, पुढे सरकार बदललं तेव्हा मिटलं. त्या वीस दिवसांत मी कशी राहिले हे ह्यांनी मला कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आता सांगायचं तरी कुणाला.

आणि २००५ ची ती २६ जुलै. निवृत्तीला वर्ष राहिलेलं. उल्हास नदी गावात शिरली, घाटात दरडी, लाइट गेलेली, फोन बंद. हे वर कुठेतरी इंजिनात. त्या रात्रीबद्दल आज नको.

एवढं लिहून उठले, पाणी प्यायले. कपाटावरून ह्यांची लाइन बॉक्स खाली काढली. हल्लीची पोरं पाठीला सॅक लावून ड्यूटीवर जातात, ह्यांची पत्र्याची काळी पेटी. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि हुद्दा, ह्यांनीच काडीला कापूस गुंडाळून लिहिलेला, त्यामुळे "ड्रायव्हर"मधला "र" जागा न उरल्याने खाली उतरलाय. कडी घासून घासून पितळेसारखी झालीय. आत लाल आणि हिरवी झेंडी, घडी घातलेली. हिरवी जवळजवळ कोरी, लाल उन्हाने विटलेली. एक टॉर्च, काचा फिरवल्या की लाल-हिरवा उजेड पडतो. नियमांचं पुस्तक, त्यात दुरुस्तीच्या चिठ्ठ्या डिंकाने चिकटवलेल्या, रेषेत, एकही वाकडी नाही. आणि तळाशी माझी एक जुनी नारायणपेठ फाडून केलेली फडकी. हात पुसायला. ती साडी कुठे गेली म्हणून मी एके काळी घर डोक्यावर घेतलं होतं. बोहारणीला दिली असेल म्हणून सासूबाईंशी दोन दिवस अबोला धरला होता. आणि ती इथे, ग्रीसचे डाग पडलेली, चौकोनी कापलेली, नीट घडी करून.

कापताना काठ वेगळे काढून ठेवले होते ह्यांनी. काठ फाडले नाहीत. ते पेटीच्या झाकणाला आतून खिळवलेत, झेंड्या अडकवायला.

बराच वेळ तशीच बसले होते. इतकी वर्षं ते काठ माझ्या नवऱ्याबरोबर घाट चढले नि उतरले आणि मला पत्ता नाही. रागवावं की काय करावं?

सोलापूरहून परत येताना छोटूने एक सांगितलं होतं, ते आत्ता नीट आठवतंय. २०२३ च्या फेब्रुवारीत ती गाडी सुरू झाली तेव्हा आबा त्याला घेऊन पुलावर गेले होते. रोजच जायचे दोघं, बँकर लागताना बघायला. कोणतं इंजिन, कुठल्या शेडचं, ड्रायव्हर नवा की जुना, हे त्या पोराला पाढ्यांआधी आलं. स्वतःच्या पोरांना कडेवर घ्यायला ज्यांना सवड नव्हती ते ह्याच्या मागे पावसात छत्री धरून उभे. त्या दिवशी गाडी न थांबता गेली, आणि आबांनी म्हणे टोपी काढून हातात घेतली आणि ती घाटाकडे वळेपर्यंत बघत राहिले. छोटूने विचारलं, आता बँकर बंद होणार का? तर म्हणाले, "मालगाड्या आहेत की अजून. आणि बंद झाले तर झाले. मागून ढकलावं लागू नये ह्यासाठीच तर सगळे राबले." पोराने शब्दन् शब्द सांगितला.

त्या दिवशी घरी आल्यावर मला मात्र एवढंच म्हणाले होते, "चढली." ड्यूटीवरून आल्यावर जन्मभर हेच म्हणाले. बूट काढता काढता, मी पाणी पुढे करायचे तेव्हा. चढली. दहावीचा निकाल लागला, चढली. धाकटीला नोकरी लागली, चढली. मी कधी कधी चिडायचे, दुसरा शब्द नाही का? आता वाटतं, हे रोज मला रिपोर्ट देत होते. साहेबाला देतात तसा. वर जाऊन आलेल्या माणसाने खाली वाट बघणाऱ्याला सांगायचं ते सांगत होते, आणि ती वाट बघणारी मी होते हे ह्यांना चांगलं माहीत होतं. भाऊजींना नसेल माहीत, पेपराला नसेल.

मग गाडीला धक्का नाही ह्याचं दुःख करायचं की नाही? आहे ते आहे. मला तो धक्का हवाच आहे, अजून हवा आहे, वंदे भारतमध्ये बसूनही हवा आहे. हे पुलावर टोपी काढून उभे राहू शकतात, मला तेवढं जमत नाही. प्रत्येकाला सगळं जमावं असं थोडंच आहे. ह्यांचं मन मोठं, माझं मन त्या डब्यातल्या तांब्यातल्या पाण्यापाशी. दोघांचं मिळून संसाराला पुरलं की.

पेटी आता कपाटावर ठेवणार नाही. छोटू मागत होता, पण त्याला अजून नाही, दहावी झाल्यावर बघू. काठ काढायचे नाहीत हे सुनेलाही सांगून ठेवते.

थोरल्याला आत्ताच लिहिलं. हार घातलेला फोटो नको, पुलावरचा घे, छोटूने काढलेला, छत्रीवाला. सावलीच्या चार ओळी काढून टाक. प्रेमळ पती राहू दे, ते खरं आहे. आदर्श पिता तुझं तू ठरव. नावाखाली हुद्दा पूर्ण घाल, बँकर ड्रायव्हर, कर्जत-लोणावळा घाट. त्याचा लगेच फोन आला, एवढ्या रात्री जागी का म्हणून. म्हणाला, आई, लोकांना कळणार नाही बँकर म्हणजे काय, बँकेतला समजतील. म्हटलं समजू देत. आणि तू जेवलास का?