नमुना आणलाय का?

जूनचा दुसरा आठवडा. गाडीचं दार उघडलं आणि ओल्या गोणपाटाचा वास आला. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचललं तर खाली बोटभर पाणी. गाडी बाबांची, 1986 ची प्रीमिअर पद्मिनी. चालवतो मी, पण सोसायटीत अजूनही ती बाबांचीच.

गाडीतली गळती गच्चीच्या गळतीसारखी असते. पाणी शिरतं एकीकडून आणि उगवतं भलतीकडेच. म्हणून मी टॉर्च घेऊन आत बसलो आणि बायकोनं बाहेरून नळी धरली. "आलं का?" "नाही." "आता?" "नाही गं." "आणि आता?" आता आलं, पण ते माझ्या कानात. पुढच्या दाराची तिकोनी काच उघडी होती. तिला ते सावकाश कळलं, मला लगेच. ती लावून पुन्हा सुरुवात केली, तेव्हा खरा चोर सापडला. पुढच्या मोठ्या काचेच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक थेंब फुगायचा, डॅशबोर्डमागच्या वायरींच्या जुडग्यावर उतरायचा आणि वायर धरून क्लचच्या पायापर्यंत आरामात यायचा.

लगे हात दारंही तपासली. दहाची नोट दारात धरायची, दार लावायचं आणि नोट ओढायची. अडकली तर रबर जिवंत आहे. आमच्या चारही दारांनी नोट बिनतक्रार परत केली.

पुण्याच्या नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. "पद्मिनीच्या पुढच्या काचेचं रबर हवंय." दुकानदारानं वहीतून मान वर न काढता विचारलं, "नमुना आणलाय का?"

या धंद्यात गाडीच्या नावाला फारशी किंमत नसते. किंमत असते रबर आडवं कापल्यावर दिसणाऱ्या आकाराला. एका बाजूला काच बसायची खाच, दुसऱ्या बाजूला पत्र्याची, आणि वर एक पातळ ओठ. खाच केसभर रुंद निघाली तरी सगळं मुसळ केरात. मी हातानं आकार करून दाखवायला लागलो, तेव्हा मागून बायको म्हणाली, "नमुना समोर उभा आहे की!" तेव्हा कुठे त्या माणसानं मान वर केली.

आता नमुना आणायचा तर काच काढायला हवी, आणि काच काढली तर रबर मिळेपर्यंत गाडी पावसात उघडी. ही अडचण मी सांगितली तर तो म्हणाला, "नाहीतरी गळतेच आहे ना? त्याच कोपऱ्यातून बोटभर कापून आणा." साधी गोष्ट, पण मला सुचली नव्हती. ब्लेड लावलं तर तुकडा कापला गेलाच नाही, चिक्कीसारखा मोडला.

रबर असं का होतं, तेही तेव्हाच वाचून काढलं. कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक. चार्ल्स गुडइयरनं 1839 मध्ये त्यात गंधक घालून ते तापवलं, तेव्हा त्याला अंगचा ताठा आला. (त्याच्या नावाची टायर कंपनी निघाली 1898 मध्ये. तो स्वतः 1860 मध्येच गेला, आणि तोही कर्जात.) पण हे शिजणं कारखान्यात पुरतं थांबत नाही. रोज उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीत ते वर्षानुवर्षं मंद आचेवर चालूच राहतं. जोडीला हवेतला ओझोन असतो, तो ताणलेल्या रबराला बारीक बारीक चिरा पाडतो. बाबा मिरगाच्या आधी औषधाच्या दुकानातून ग्लिसरिनची बाटली आणून सगळ्या रबरांना बोटानं चोळायचे. ग्रीस लावू द्यायचे नाहीत. तेलानं नैसर्गिक रबर फुगतं आणि मऊ पडतं, हे त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. आम्ही मात्र त्या बाटलीवरून त्यांची चेष्टा करायचो.

तुकडा पाहून दुकानदारानं पोत्यातून एक वेटोळं काढलं. वर शंखजिऱ्याची भुकटी, दिसायला कोरं करकरीत. वाकवलं तर बाहेरच्या अंगाला चिरांचं जाळं. माल नवा होता, पण गिऱ्हाइकाची वाट बघण्यातच म्हातारा झाला होता. पूर्वी अशी वेळ यायची नाही. ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, आणि मुंबईत हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्सी तीच होत्या. टॅक्सीवाल्याला रबर आज हवं असतं आणि स्वस्त हवं असतं, त्यामुळे आमच्यासारख्या हौशींचंही भागायचं. 2023 च्या ऑक्टोबरअखेर वीस वर्षांची मुदत संपून शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. त्यावर सगळ्यांनी हळहळून लिहिलं, मीही हळहळलो. रबराचा विचार तेव्हा कुणाच्याच डोक्यात नव्हता.

रविवारी जुन्या बाजारात पायपीट केली आणि एक छान पितळी कुलूप घेऊन घरी आलो. शेवटी मुंबईच्या मेव्हण्याला तुकडा पाठवला. त्यानं कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दोन शनिवार घालवून नवं, मऊ रबर आणि दारांचं बिडिंग, म्हणजे दाराच्या कडेची रबरी पट्टी, मिळवलं. पैसे घेतले नाहीत, पण दर सणाला तो विषय निघतो.

काच बसवणारे चाचा सकाळी लवकर आले. मी जुन्या रबरावर टेप ठेवून माप घ्यायला लागलो तर म्हणाले, "ते नका मोजू, ते आटलंय. चौकट मोजा." त्यांनी दोऱ्यानं चौकट मोजली आणि रबर दोन बोटं जास्तच ठेवून कापलं. ताणून बसवलेलं रबर पुढे आखडतं आणि कोपऱ्यात फट पडते. दाबून बसवलेलं दाबलेलंच राहतं. रबराखालचा पत्रा एका ठिकाणी गंजून पापडासारखा झाला होता. म्हणजे सगळा दोष रबराचा नव्हता. तो खरवडून, बुजवून, रेड ऑक्साइड लावून वाळेपर्यंत दुपार झाली. तोवर रबर उन्हात ठेवलं होतं, नरम पडायला. बायको म्हणाली, "कुकरची रिंग सैल झाली की मी फ्रीजमध्ये ठेवते, तुमचं सगळं उलटंच."

मग खरा खेळ. चाचांनी आधी काचेला चौफेर रबर चढवलं. पत्र्याच्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवून तिची दोन्ही टोकं खाली वीतभर एकमेकांवर घेऊन आत सोडली. सगळीकडे साबणाचं पाणी. काच बाहेरून चौकटीवर टेकवली आणि मला म्हणाले, "तळव्यानं थापटा. मुठीनं नाही, भाकरी थापता तसं." ते आत बसून दोरी ओढायला लागले. दोरी निघेल तसा रबराचा ओठ पत्र्यावरून उलटून आत पडायचा. पट्, पट्, पट्. बोटाबोटानं काच आपल्या जागी सरकत होती. वरच्या कोपऱ्यात दोरी अडली. चाचा थांबले, बोटानं साबण लावला, एका लाकडी चपटीनं ओठ उचलून दिला आणि पुन्हा पट्. वीस मिनिटांत काम झालं.

पुन्हा नळी, पुन्हा टॉर्च. या वेळी बायको आत बसली आणि नळी माझ्या हातात होती. एक थेंब नाही. नोट चारही दारांत अडकली, एका दारात तर फाटली.

आता एकच तक्रार आहे. नव्या बिडिंगमुळे दारं हलक्या हातानं लागत नाहीत, दाणकन आपटावी लागतात. चाचा म्हणतात, महिन्याभरात रबर बसेल. तोवर सकाळी सव्वाआठला मी निघालो हे चौथ्या मजल्यापर्यंत कळतं. मोडलेल्या रबराचा तुकडा फेकला नाही. ग्लिसरिनच्या बाटलीबरोबर कपाटात ठेवलाय. तिकोनी काचेतून परवा एक थेंब आला, आणि तिचं रबर डावं-उजवं वेगळं असतं म्हणे.