पऱ्यांसोबतचा रविवार

आज दोन्ही लेकींना कुशीत घेऊन टिंकर बेलचे सिनेमे पाहिले. एक संपल्यावर "अजून एक लावूया" म्हणणारा मीच! ही परी कांडी फिरवून कामं उरकत नाही. ती कारागीर आहे, मोडकंतोडकं जोडून नवं काहीतरी घडवते. मला ती त्यासाठीच फार आवडते. २०१२च्या सिनेमात तिला हिवाळी प्रदेशातली जुळी बहीण भेटते आणि दोघींचे पंख एकदम उजळतात. तेव्हा धाकटीने काही न बोलता ताईचा हात घट्ट धरला. (१९०४च्या ‘पीटर पॅन’ या मूळ नाटकात ही परी म्हणजे आरशाने पाडलेला नाचरा कवडसा असायचा. हे सांगताच दोघी आरसा शोधायला पळाल्या!) पुढचा सिनेमा कोणता यावर आत्ताच भांडण जुंपलंय. माझं मत थोरलीच्या बाजूने.