दगडफुलाच्या एका चकतीत दोन नावे

सातारा जिल्ह्यातील एक महिला बचतगट वर्षानुवर्षे गोडा मसाला तयार करतो. त्या गटाच्या प्रमुख बाई दगडफुलाच्या दोन पिशव्या घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आल्या. एका पिशवीत गेल्या वर्षीच्या पोत्यातील शिल्लक माल होता आणि दुसरीत नव्या पोत्यातील. व्यापारी तोच होता आणि मसाल्याचे प्रमाणही तेच होते; मात्र नवे दगडफूल तेलात परतल्यावर नेहमीचा वास येत नव्हता. "मॅडम, दोन्हीला दगडफूलच म्हणतात. पण हे खरंच एक आहे का, तेवढं सांगा," असे त्या म्हणाल्या. दगडफूल म्हणजे वाळवलेले शैवाक (लायकेन). शैवाकांचे वर्गीकरण हा माझा रोजचा व्यवसाय असला, तरी इतक्या नेमक्या शब्दांत विचारलेला प्रश्न माझ्या टेबलावर क्वचितच येतो. म्हणून हाती असलेले काम बाजूला ठेवून मी त्या पिशव्या त्याच सकाळी उघडल्या.

तपासणी कशी झाली हे सांगण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. शैवाक हा एक जीव नसतो. कवकाच्या (बुरशीच्या) तंतूंनी विणलेल्या कायेत हिरवे शैवल किंवा नीलहरित जीवाणू राहतात, ते प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात आणि त्यांना आसरा देणारे कवक त्या अन्नावर वाढते. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा त्या काळच्या बहुतेक शैवाकतज्ज्ञांनी ती धुडकावून लावली होती. आज तिच्याविषयी कोणाच्याही मनात शंका नाही, आणि नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियमही त्याला अनुसरूनच आहेत: शैवाकाला दिलेले नाव हे त्यातील कवकाचे नाव असते, शैवलाला त्याचे स्वतःचे वेगळे नाव असते. दगडफूल म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक रुंद पाकळ्यांच्या शैवाकांत ट्रेबॉक्सिया या प्रजातीचे (जवळच्या जातींच्या गटाला प्रजाती म्हणतात) शैवल असते. म्हणजे हिरवा सोबती जवळपास एकसारखाच असतो आणि जात ठरते ती त्याच्याभोवतीच्या कवकावरून. त्यामुळे बाईंच्या प्रश्नाचे खरे रूप असे होते, की या दोन पिशव्यांत कवके किती आणि कोणती?

जुन्या पिशवीने फारसा वेळ घेतला नाही. तिच्यात पट्टीसारखे अरुंद, कडांनी आत वळून पन्हळ झालेले, वरून करडे आणि खालून काळे तुकडे होते, आणि त्यांच्या कडांना काळे केस होते. ही हायपोट्रॅकिना सिऱ्हाटा होय. हिमालयाच्या मध्यम उंचीवरील झाडांवर ती विपुल वाढते, कुमाऊँमध्ये शैवाकांच्या अशा मालाला 'झूला' म्हणतात आणि उत्तराखंडातील मंड्यांमधून तो देशभरच्या मसाला बाजारात पोहोचतो. जुन्या पुस्तकांत ही जात एव्हर्नियास्ट्रम या प्रजातीत आढळेल. डीएनएच्या अभ्यासानंतर २०१३ मध्ये ती संपूर्ण प्रजाती हायपोट्रॅकिनात विलीन करण्यात आली. या पिशवीत उस्नियाचेही काही धागे होते. धागा हळूच ताणला की बाहेरची साल तुटते आणि आतील पांढरी, लवचीक दोरी दिसते, त्यामुळे उस्निया ओळखण्यासाठी रसायनाची गरज पडत नाही.

नव्या पिशवीतील माल मात्र वेगळ्याच घडणीचा होता. रुंद, लाटांसारख्या वळलेल्या करड्या पाकळ्या, काही अजूनही झाडाच्या सालीला चिकटलेल्या. पार्मोट्रेमा ही प्रजाती तर पाहताक्षणी लक्षात आली. बाईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच मिळाले: दोन पोत्यांतील माल केवळ जातीने नव्हे, तर प्रजातीनेही भिन्न होता. पण पार्मोट्रेमा म्हणजे कोणती पार्मोट्रेमा, हे सांगितल्याशिवाय अहवालाला काही अर्थ उरला नसता, आणि खरे काम तिथून पुढे होते.

स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली प्रथम पाकळ्यांचा पृष्ठभाग पाहिला. काही तुकड्यांवर मध्यभागी बारीक, उभ्या, बोटांसारख्या वाढी दाट उगवल्या होत्या. त्यांना इसिडिया म्हणतात. त्या तुटून वाऱ्यापाण्याबरोबर जातात आणि त्यांच्यासोबत कवक व शैवल एकत्रच नव्या जागी पोहोचतात. इतर तुकड्यांवर इसिडिया नव्हत्या, पण पाकळ्यांच्या कडांवर पिठासारखी पूड होती. ती सोरेडिया. काम दोन्हींचे एकच असले, तरी घडण वेगळी असते आणि वर्गीकरणात हा फरक पहिल्या पायरीवरच विचारला जातो. इसिडियांच्या तुकड्यांच्या कडांना केस नव्हते आणि खालच्या बाजूला काठालगत रुंद, तपकिरी, मुळांसारख्या तंतूंविना मोकळा पट्टा होता. ब्लेडच्या टोकाने वरचा स्तर हलकेच खरवडून आतील पांढरा गाभा उघडा केला आणि बारीक काचनळीने त्यावर ब्लीचिंगच्या द्रावणाचा एक थेंब सोडला. गाभा क्षणात गडद लाल झाला आणि काही सेकंदांत रंग विरला. लेकॅनोरिक आम्लाची ही खूण. हे तुकडे पार्मोट्रेमा टिंक्टोरमचे होते.

या थेंबांची पद्धत दीडशे वर्षांहून जुनी आहे. पॅरिसमध्ये काम करणारे फिनलंडचे विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्ये पोटॅश आणि ब्लीच यांचे थेंब टाकून शैवाकांच्या जाती वेगळ्या करायला सुरुवात केली. शैवाकतज्ज्ञ आजही त्या दोन थेंबांना अनुक्रमे 'के' आणि 'सी' म्हणतात. श्वेंडेनर यांच्या सिद्धांताला आयुष्यभर कडाडून विरोध करणाऱ्यांत नायलँडर आघाडीवर होते, आणि तरीही ज्या रसायनांवर ते जाती ठरवत होते, ती रसायने निर्माण करणारे कवकच असते, हे मला फार विलक्षण वाटते. पुढे जपानच्या यासुहिको असाहिना यांनी त्यात पॅराफिनिलिनडायअमिनची, म्हणजे 'पीडी'ची भर घातली. ते विषारी असल्याने हातमोजे घालूनच वापरावे लागते.

सोरेडियांच्या तुकड्यांकडे वळले आणि दिवसाची गती तिथे बदलली. त्यांत सालीला चिकटलेली एक मोठी, सलग, गोलाकार चकती होती. तिच्या सर्व कडांवर पिठाळ सोरेडिया होत्या, रंग सर्वत्र एकच करडा होता आणि मधे कुठे फट दिसत नव्हती. नवखाच नव्हे, तर अनुभवी संग्राहकही तिला एक नमुना म्हणून एकाच पाकिटात घालेल. काठावरील एका पाकळीचा गाभा उघडा करून सीचा थेंब टाकला, तो लाल झाला. पडताळ्यासाठी चकतीच्या विरुद्ध बाजूच्या पाकळीवर तोच थेंब टाकला, तर गाभा पांढराच राहिला. ब्लीच शिळे झाले की प्रतिक्रिया देत नाही, म्हणून ताजे द्रावण तयार करून पुन्हा पाहिले. फरक कायम होता. मग त्याच न बदललेल्या पाकळीवर पोटॅशचा थेंब टाकला. गाभा आधी पिवळा झाला, आणि पाहता पाहता त्या पिवळ्यातून रक्तासारखा लाल रंग वर आला. हे सॅलाझिनिक आम्लाचे लक्षण आहे. एक कण काचपट्टीवर पोटॅशमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यावर लाल सुयांचे पुंजके तयार होताना दिसले.

एकाच चकतीच्या दोन बाजू दोन वेगळी रसायने दाखवत होत्या. माझी संशोधक विद्यार्थिनी शेजारीच उभी होती. "मॅडम, एकाच जातीत दोन प्रकारची आम्ले असू शकतात ना?" असे तिने विचारले. प्रश्न रास्त होता. काही शैवाकांच्या एकाच जातीत रासायनिक भेद असलेली कुळे नोंदली गेली आहेत, आणि केवळ रसायन वेगळे म्हणून नवी जात मानावी का, हा शैवाकशास्त्रातील फार जुना वाद आहे. माझे मत असे आहे की रसायनाचा फरक एकटाच उभा असेल तर थांबावे, पण त्याच्यासोबत घडणीचा एखादा स्वतंत्र फरक चालत असेल तर त्याला जातीचा दर्जा देण्यात संकोच करू नये. म्हणून आम्ही दोघींनी चकती पुन्हा काठापासून काठापर्यंत तपासली, या वेळी थेंबांचा विचार बाजूला ठेवून.

पोटॅशने लाल होणाऱ्या भागात पाकळ्यांच्या वरच्या बाजूला पांढऱ्या रेषांचे बारीक जाळे होते आणि काही ठिकाणी त्याच रेषांवर भेगा पडल्या होत्या. कडांना काळे केस होते आणि खालची काळी बाजू जवळपास काठापर्यंत तंतूंनी भरलेली होती. सीने लाल होणाऱ्या भागात जाळे नव्हते, केस नव्हते, आणि खालच्या बाजूला काठालगत हस्तिदंती पांढरे डाग होते. पहिली पार्मोट्रेमा रेटिक्युलेटम, दुसरी पार्मोट्रेमा ऑस्ट्रोसिनेन्स. दोन कवके शेजारी शेजारी वाढत एकमेकांना भिडली होती, एकीच्या पाकळ्या दुसरीवर चढल्या होत्या, आणि सोरेडियांच्या पिठाने मधली सीमा बुजवून टाकली होती.

खात्रीसाठी थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातील संयुगे पट्टीवर वेगळी करून दाखवणारी चाचणी, केली. चिसिटा कल्बर्सन आणि हॉर्डूर क्रिस्टिन्सन यांनी १९७० मध्ये शैवाकांसाठी तिची प्रमाणित पद्धत घालून दिली आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळा तीच वापरतात. चकतीच्या दोन्ही भागांचे आणि मधल्या सीमेवरील पाकळीचे लहान तुकडे ॲसिटोनमध्ये वेगवेगळे भिजवले, ते अर्क सिलिकाच्या पट्टीवर टिंबांच्या रूपात ठेवले आणि तुलनेसाठी ॲट्रानोरिन व नॉरस्टिक्टिक आम्ल यांची टिंबे शेजारी दिली. द्रावक वर चढला, पट्टी वाळली, सल्फ्युरिक आम्लाचा फवारा देऊन ती तापवली आणि रंग उमटले. वरच्या कवकस्तरात असणारे ॲट्रानोरिन तिन्ही रांगांत होते. खाली मात्र एका रांगेत लेकॅनोरिक आम्ल, दुसरीत सॅलाझिनिक आम्ल, आणि सीमेवरच्या रांगेत दोन्ही होती. ती पट्टी प्रकाशाकडे धरून पाहताना मला झालेला आनंद मी लपवला नाही.

वासाविषयी इथेच एक गोष्ट सांगते. शैवाकातील ॲट्रानोरिनसारखी संयुगे दोन भागांच्या जोडणीतून बनलेली असतात, आणि ती जोडणी तुटली की लहान, सुगंधी रेणू मोकळे होतात. युरोपात ओकमॉस म्हणून अत्तरांत वापरल्या जाणाऱ्या शैवाकाचा गंध बऱ्याच अंशी अशाच एका रेणूचा असतो. कच्च्या दगडफुलाला फारसा वास नसतो आणि ते परतल्यावरच खुलते, हे आपल्या स्वयंपाकघरांना पूर्वापार ठाऊक आहे. जात बदलली की संयुगांचा संच बदलतो, आणि बाईंच्या नाकाने तो बदल प्रयोगशाळेच्या आधी ओळखला होता.

दुपारनंतर मी तुलनेसाठी हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाच्या, कपाटातील रेटिक्युलेटमची पाकिटे काढली. पश्चिम घाटातील शैवाकांचे पद्धतशीर संकलन पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन, उर्मिला माखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले, आणि भारतातील शैवाकशास्त्राचा पाया लखनौमध्ये धरणीधर अवस्थी यांनी घातला. १९८८ मध्ये आलेली त्यांची मोठ्या शैवाकांची ओळखसूची अजूनही माझ्या टेबलावर उघडी असते. एका जुन्या पाकिटावर एकाखाली एक तीन चिठ्ठ्या होत्या: पार्मेलिया रेटिक्युलाटा, रिमेलिया रेटिक्युलाटा, पार्मोट्रेमा रेटिक्युलेटम. वनस्पतिशास्त्रज्ञ टेलर यांनी १८३६ मध्ये आयर्लंडमधून वर्णन केलेली ही जात पुढे त्या जाळ्यावरून १९९० मध्ये रिमेलिया या वेगळ्या प्रजातीत गेली, आणि डीएनएने ते विभाजन मान्य न केल्यामुळे पार्मोट्रेमात परतली. लोक नावे बदलली म्हणून शास्त्राला दोष देतात. मला त्या चिठ्ठ्यांच्या चळतीत प्रामाणिकपणा दिसतो, कारण आधीची चिठ्ठी कोणीही फाडलेली नसते.

रेटिक्युलेटम हे नावही अखेरचे नसेल. डीएनएच्या अभ्यासात या नावाखाली अनेक वेगळ्या वंशरेषा आढळल्या आहेत. अमेरिका खंडातील कोरा या शैवाकाचे उदाहरण तर याहून मोठे आहे: एक जात समजल्या जाणाऱ्या त्या शैवाकात किमान १२६ जाती असल्याचे २०१४ मध्ये दाखवून देण्यात आले. स्वीडिश वर्गीकरणशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५३ मध्ये जवळपास सगळी शैवाके 'लायकेन' या एकाच प्रजातीत बसवली होती आणि त्यांची संख्या ८० च्या आसपास होती. २०१६ च्या जागतिक वर्गीकरणात ती १९,३८७ जाती आणि ९९५ प्रजाती इतकी झाली. या आकड्यांपुढे बाजारातील 'दगडफूल' हा एकच शब्द अपुरा पडतो, आणि मालाच्या पोत्यावर निदान प्रजातीचे नाव असावे, असे मला मनापासून वाटते. शैवाके वर्षाला काही मिलिमीटर वाढतात. कोणत्या जातीचा किती माल जंगलातून निघतो हेच माहीत नसेल, तर कोणती जात कुठे विरळ होत चालली आहे, हे कोणाला कसे कळणार?

संध्याकाळी अहवाल लिहिला. जुना नमुना: मुख्यतः हायपोट्रॅकिना सिऱ्हाटा, सोबत उस्निया. नवा नमुना: पार्मोट्रेमा टिंक्टोरम, पार्मोट्रेमा रेटिक्युलेटम आणि पार्मोट्रेमा ऑस्ट्रोसिनेन्स यांचे मिश्रण, दोन्ही नमुने एकाच कुलातील, प्रजाती भिन्न. फोनवर बाईंना सांगितले की भेसळ झालेली नाही, सारे दगडफूलच आहे, पण नेहमीचा वास हवा असेल तर व्यापाऱ्याकडे पट्टीसारखा, कडांना काळे केस असलेला माल मागा आणि पोते घेण्यापूर्वी मूठभर तेलात परतून पाहा. त्यांनी ओळखीसाठी एक तुकडा मागितला. जुन्या पिशवीतील एक चांगला तुकडा नाव लिहून त्यांना टपालाने पाठवला.

चकती आम्ही कापली नाही. हर्बेरियममध्ये तिला दोन नोंदणी क्रमांक दिले आणि पाकिटावर तिचे रेखाचित्र चिकटवून सीमा लाल शाईने दाखवली, म्हणजे पुढे कोणी एका बाजूचा तुकडा काढला तर कोणत्या कवकाचा तो, याचा घोटाळा होणार नाही. दोन्ही भागांतून एकेक पाकळी डीएनए तपासणीसाठी बाजूला ठेवली आहे, आणि ते काम त्याच विद्यार्थिनीने मागून घेतले आहे.