पडीक शेत मोकळं करताना

बरीच वर्षं नांगर न लागलेलं शेत मोकळं करायला घेतलं, तेव्हा जो तो एकच सांगायचा: काडी लाव, दुपारभरात काम होईल. मला ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. आग शेजाऱ्याच्या कुंपणापाशी थांबेल याची हमी कोण देणार? गवतातला बराचसा नत्र धुरावाटे जातो, जमीन उघडी पडते, पहिल्या जोरदार सरीत वरची माती वाहून जाते. आणि जे मरायला हवं ते, म्हणजे लव्हाळ्याचे गड्डे आणि हरळीच्या काश्या (मातीखालून पसरणारी गाठाळ खोडं), जमिनीच्या पोटात सुखरूप राहतात. म्हणून कापूनच काढायचं ठरवलं.

यंत्र आणण्याआधी गमबूट घालून, हातात लांब काठी घेऊन सगळं रान पायाखाली घातलं. काठी आपटत हळू चाललं की साप वाट सोडतो. डोक्याएवढ्या गवतात काय काय दडलेलं असतं! गंजलेल्या काटेरी तारेचं भेंडोळं, निम्मे मातीत गेलेले दगड, कठडा नसलेला एक खड्डा. तार ओढून काढली. जे हलवता येईना तिथे उंच काठी रोवून रंगीत चिंधी बांधली. फिरत्या पात्यात तार गुंतली किंवा दगड उडाला, तर माणूस कायमचा अधू होऊ शकतो. या फेरीला वेळ गेला म्हणून कुणी हळहळू नये.

नुसत्या गवतासाठी ब्रशकटरला, म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला फिरतं पातं किंवा दोरी असलेल्या गवत कापायच्या यंत्राला, नायलॉनची दोरी पुरते, जाड काडीच्या झुडपांना तीन दात्यांचं लोखंडी पातं लागतं. माझं यंत्र टू-स्ट्रोक, म्हणून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, लिटरभराला २० मिली. वरून पाहिलं तर पातं घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून उजवीकडून डावीकडे कापत जायचं. कापलेलं मग डावीकडच्या साफ पट्ट्यात पडतं. पात्याचा पुढचा उजवा भाग, घड्याळातल्या १२ ते ३ च्या मधला, खोडाला टेकू द्यायचा नाही. तिथे टेकलं की यंत्र जोरात झटका देतं. कापणाऱ्यापासून १५ मीटरच्या आत कुणी फिरकायचं नाही. चष्मा, तोंडावर जाळी, कानाला मफ या गोष्टी मी एका पट्ट्यापुरत्याही सोडल्या नाहीत. टाकी भरायची ती इंजिन गार झाल्यावर आणि वाळल्या गवतापासून लांब.

उंच गवत एका दमात बुडातून कापलं की पात्याला गुंडाळतं. आधी कमरेएवढं खाली आणायचं, मग दुसऱ्या फेरीत जमिनीपासून चार बोटं ठेवून कापायचं. पातं मातीला लागलं की धार गेलीच. आणि कापणी मधून कडेकडे न्यायची, म्हणजे आतल्या जिवांना बाहेर पळायला वाट राहते. एकदा पायापुढून लावा पक्षी फडफडत उठला. गवत हळूच बाजूला केलं, तर खोलगटशा जागेत तपकिरी ठिपक्यांची फिकट अंडी. तेवढा तुकडा चिंधी बांधून तसाच ठेवला. पिलं निघून गेल्यावर तोही कापता येतो, अडत काहीच नाही.

खरी झुंज घाणेरीशी, म्हणजे लँटानाच्या झुडपांशी. वरून छाटली की बुडख्यातून दुप्पट धुमारे फुटतात. तिचे फुटवे खोड आणि मूळ जिथे मिळतात तिथून येतात, म्हणून घाव त्याच्या खाली बसायला हवा. बुडाजवळची माती टिकावाने तीन-चार बोटं उकरली, पिवळट सोटमूळ दिसल्यावर कुऱ्हाडीने तोडलं आणि अख्खं झुडूप उलटं करून ठेवलं. मुळं आकाशाकडे राहिली की पुन्हा रुजत नाही. काम सावकाश होतं, पण एकदाच करावं लागतं. गाजर गवताला मात्र मी यंत्र लावलं नाही. दोरीने त्याचे तुकडे अंगावर उडतात, त्वचेला खाज सुटते, शिवाय बुडातून ते पुन्हा फुटून फुलतं. जमीन ओली असताना, फुलोऱ्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटलं. एक झाड हजारो बिया टाकतं, त्यामुळे फुलोऱ्यानंतरच्या कष्टाला फारसा अर्थ उरत नाही.

पहिल्या कापणीनंतर शेत इतकं स्वच्छ दिसतं की काम संपलं असं वाटतं. तिथेच बहुतेक जण थांबतात आणि पुढच्या हंगामात रान पुन्हा माजतं. गवत गुडघ्याला आलं, अजून निसवलं नाही (तुरा बाहेर पडला नाही), तेव्हा दुसरी कापणी करायची. प्रत्येक नव्या फुटव्यासाठी मुळांना साठा खर्चावा लागतो आणि वारंवार कापलं की ती थकतात. कापलेलं गवत मी जागेवरच पसरलं. त्या आच्छादनाखाली ऊन न पोचल्याने नवं तण कमी उगवलं आणि ओलही टिकली.

रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारं ट्रॅक्टरचं अवजार) फिरवून टाक, असाही आग्रह झाला. हरळीच्या रानात मी तो लावणार नाही: काशीचे जितके तुकडे, तितकी नवी रोपं. लव्हाळ्याचंही तेच, गड्डे सगळीकडे पांगतात. त्यापेक्षा कडक उन्हात खोल नांगरट करून काश्या उघड्या पाडायच्या, वाळू द्यायच्या आणि वेचायच्या. तेवढी पट्टी अजून बाकी आहे. सध्या तिथे फक्त कापणी चालू ठेवली आहे, ऊन तापलं की नांगर लावेन.