इंग्रजी शिकण्याची ओढ

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवताना मला सतत जाणवते की, पुढे चांगली नोकरी मिळेल एवढ्या कारणाने आठ-नऊ वर्षांच्या मुलाला इंग्रजी शिकावेसे वाटत नाही; ते कारण पालकांचे असते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी १९५९ मध्ये, व्यावहारिक उपयोगासाठी भाषा शिकणे आणि ती बोलणाऱ्या समाजाशी जवळीक साधण्यासाठी शिकणे, असा भेद मांडला. मात्र तो मॉन्ट्रियलमध्ये फ्रेंच शिकणाऱ्या माध्यमिक विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून आला होता. लहानग्यांना गाणे, गोष्ट आणि शिक्षकांची माया पुरेशी असते, असे माझे ठाम मत आहे.

काजूच्या हंगामात एक अबोल मुलगी खिशातल्या बिया बाकावर मांडून, कोणी न सांगता, इंग्रजीत मोजत होती. तेराव्या बीवर मी तिचा उच्चार सर्वांसमोर सुधारला आणि ती गप्प झाली. पुढचे दोन दिवस तिने इंग्रजीचा एक शब्दही उच्चारला नाही. त्याची खंत मला अजून आहे. आता मूल बोलत असताना मी मध्ये थांबवत नाही. त्याचे पूर्ण झाल्यावर तोच शब्द माझ्या वाक्यात सहज, बरोबर उच्चारून दाखवतो.