टाचेचा फोड आणि निदिध्यास

दिवे घाट चढून वर आलो आणि डाव्या टाचेचा फोड फुटला. पुणे ते सासवड हा वारीत माउलींच्या पालखीच्या वाटेवरचा सगळ्यात लांब टप्पा, तीस किलोमीटरच्या वर. पुढचं अंतर मी बोटांवर चालत काढलं.

उपनिषदांच्या वर्गाला मी तीन वर्षं बसतोय. याज्ञवल्क्य ऋषींनी पत्नी मैत्रेयीला सांगितलेला क्रम तोंडपाठ आहे: आत्म्याविषयी ऐकावं, मनन करावं, निदिध्यास घ्यावा, म्हणजे मन पुन्हा पुन्हा तिथेच आणून स्थिरावावं. श्रवणाने शास्त्राचं म्हणणं नेमकं काय, ही शंका फिटते. मननाने ‘हे खरं असेल का’ ही फिटते. तरी विपरीत भावना, म्हणजे मुरलेली उलटी समजूत, उरतेच. देह म्हणजे मी नव्हे हे पुरतं पटलेलं असतं, आणि टाचेखाली खडा आला की ‘मेलो!’ म्हणून ओरडणारा मीच असतो. जन्मभराची ही सवय युक्तिवादाला बधत नाही. तिच्यावर निदिध्यासन हाच उपाय. विवेकचूडामणी या वेदान्तग्रंथात मननाला श्रवणाच्या शंभरपट आणि निदिध्यासनाला मननाच्या लाखपट मोल दिलंय. वर्गात तो लाखाचा आकडा मला नुसता अलंकार वाटला होता.

सासवडला दोन मुक्काम होते म्हणून पाय सावरला. जेजुरीच्या वाटेवर पुन्हा लंगडायला लागलो, तेव्हा आमचे वीणेकरी बुवा म्हणाले, “माउली, पायाकडं बघू नका. टाळाकडं कान ठेवा.”

ठेवला. पहिला तासभर मन टाचेकडेच धावत होतं. धावलं की परत आणायचं, पुन्हा धावलं की पुन्हा आणायचं. टाळाची दोरी बोटात रुतून लाल वळ उठला. मी ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ म्हणतोय, हा विचार वाल्ह्याच्या आसपास कधीतरी गळून गेला. नुसतं नाम चालू राहिलं. पाठ केलेल्या व्याख्येत हे कुठेच नव्हतं.

लोणंदला मुक्कामाच्या तळावर समाजआरतीला, सगळ्या दिंड्यांच्या एकत्र आरतीला, उभा होतो. हजारो टाळ एका लयीत वाजत होते. चोपदारांनी हातातला चोप, म्हणजे दंड, उंचावला आणि सगळा तळ एका क्षणात गप्प झाला. त्या शांततेत टाचेचा ठणका अगदी स्पष्ट कळत होता. ठणका होता, तो कळत होता, आणि ‘माझा’ म्हणायला कुणी पुढे येत नव्हतं. पाच-सात श्वास असतील.

मग हरवलं-सापडलंची घोषणा सुरू झाली, कुणाचं तरी पाकीट सापडलं होतं. मी खिसा चाचपला, आणि ठणका पुन्हा माझा झाला.