शंभरातली सात

चैत्रात रोपवाटिकेत ऐनाच्या झाडाचं बी यायला लागलं की मी आधी अडकित्ता घेऊन बसतो. ऐनाचं फळ पाच पंखांचं. वाळलं की भरलेलं आणि पोकळ बाहेरून एकसारखंच दिसतं. म्हणून पोत्याच्या वरून, मधून, तळातून 100 फळं काढायची आणि आडवी कापायची. आत पांढरा गर दिसला तर ते बी. नाहीतर काळी भुकटी, नाहीतर किडीचं भोक. हे काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

त्या दिवशी कोयनाकाठच्या वाडीतली मावशी दोन पोती घेऊन आली. 100 कापली, 7 निघाली. पुन्हा 100 कापली, 5.

"मावशी, यात बी न्हाई."

"आरं, दोन दिस डोंगर पालथा घातलाय. पोती भरल्याती की!"

तिला काय सांगू? आदल्या साली हीच झाडं लगडली होती, निम्मी फळं भरलेली. पण रोपांचं उद्दिष्ट लहान होतं, जादा बी घ्यायचं नाही असा वरून निरोप. मीच तिची चार पोती परत पाठवली. आता उद्दिष्ट तिप्पट झालेलं आणि झाडं विसाव्याला. आंबा एक वर्ष येतो, एक वर्ष दम खातो, हे सगळ्यांना पटतं. कारवी 7 वर्षांनी फुलते हे कासला येणाऱ्या पोरांनाही पाठ असतं. ऐनाचा हिशोब मात्र दरसाल सारखाच धरतात. कागद करणाऱ्यांनी एकदा तरी फळ कापून बघावं.

जांभळाचं बी दोन आठवड्यांतच मरायला लागतं. त्यामुळे भरल्या वर्षी मी त्याची रोपंच जादा करतो आणि मोठ्या पिशवीत बदलून पुढच्या पावसाळ्यापर्यंत राखतो. ऐनाचंही तसं करता आलं असतं. त्या चार पोत्यांसाठी मी भांडलो नाही, हे अजून सलतं.

मावशीला वजनाप्रमाणे पैसे दिले. सगळं बी भिजवून गादीवाफ्यावर दाट पेरलं. आषाढापर्यंत 211 रोपं उभी राहिली. उरलेला आकडा गिरिपुष्पानं, म्हणजे झटपट वाढणाऱ्या परदेशी झाडानं, भरला, आणि ऐनाच्या डोंगरावर तेच गेलं.

यंदा ज्येष्ठात ऐन भरभरून फुललाय. फळं पुढच्या चैत्रात येतील. जादा पिशव्यांची मागणी आत्ताच लिहून पाठवलीय. मावशीच्या वाडीवरही जाऊन आलो. ती पोती धुऊन ठेवते म्हणाली.